फायरवॉल चालू, तरी पोर्ट उघडा: या चुका टाळा

डिप्लॉयमेंट सर्व्हरची फायरवॉल तपासलीस का, असं विचारलं की हमखास यूएफडब्ल्यू या लिनक्सच्या फायरवॉल साधनाच्या स्टेटसचा स्क्रीनशॉट येतो. पोर्ट २२ (एसएसएच, म्हणजे रिमोट लॉगिन), ८० आणि ४४३ (वेब) उघडे, बाकी सगळं बंद. हा स्क्रीनशॉट मी पुरावा मानत नाही.

आमच्या एका स्टेजिंग (चाचणीच्या) सर्व्हरवर रेडिस (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या बंदिस्त डब्यात, चालायचं. कंटेनर कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कंपोज फाइलमध्ये सर्व्हरचा पोर्ट कंटेनरच्या पोर्टला जोडणारी ओळ होती ‘६३७९:६३७९’, कुठल्यातरी ट्युटोरियलमधून जशीच्या तशी उचललेली. स्टेटसमध्ये ६३७९ चा मागमूसही नव्हता. सोमवारी सकाळी येऊन बघतो तर सगळ्यांची सेशन्स उडालेली आणि रेडिसमध्ये चारच नोंदी, ‘बॅकअप१’ ते ‘बॅकअप४’. प्रत्येकीत क्रॉनची (ठरल्या वेळी कामं चालवणारं साधन) एक ओळ, दर काही मिनिटांनी बाहेरून स्क्रिप्ट ओढणारी.

म्हणजे कोणीतरी आत शिरलं होतं. झालं असं होतं: डॉकर पोर्ट उघडतो तेव्हा आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचे मूळ फायरवॉल नियम) स्वतःचे नियम घालतो. कंटेनरकडे जाणारं पॅकेट फॉरवर्ड चेनमधून (पुढे पाठवायच्या पॅकेटसाठीची नियमांची यादी) जातं, आणि यूएफडब्ल्यूमध्ये आपण घातलेले नेहमीचे नियम बसलेले असतात इनपुट चेनमध्ये (खुद्द सर्व्हरसाठी आलेल्या पॅकेटची यादी). त्यांच्याकडे ते पॅकेट फिरकतच नाही. त्यात रेडिसच्या अधिकृत इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड (पासवर्ड नसेल तर बाहेरची कनेक्शन नाकारणारा) बंद असतो, आणि पासवर्ड आम्ही ठेवलाच नव्हता.

म्हणून ‘१२७.०.०.१:६३७९:६३७९’ असं लिहा, म्हणजे पोर्ट फक्त त्याच मशीनवरून उघडा राहील. त्याहून बरं, ती ओळच काढून टाका. एकाच कंपोज नेटवर्कमधल्या कंटेनरना एकमेकांशी बोलायला ती लागत नाही. बाहेरून यायलाच हवं असेल तर डॉकरने आपल्या नियमांसाठी ठेवलेल्या डॉकर-यूजर चेनमध्ये ठरावीक आयपीपुरता नियम घाला. मग दुसऱ्या मशीनवरून तपासा. मी घरच्या नेटवरून एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारा प्रोग्रॅम) लावतो. तो एरवी नेहमीचे १,००० पोर्टच बघतो, म्हणून सगळे ६५,५३५ सांगून, आणि आयपीव्ही६ वरही. वेळ लागतो. लागू दे.

दुसरी चूक निव्वळ घाईची: २२ ला परवानगी देण्याआधीच फायरवॉल चालू करणं. चालू सेशन बहुतेकदा टिकून राहतं, त्यामुळे काही कळत नाही. लॉगआउट केलं की दार बंद. मग प्रोव्हायडरचा कन्सोल शोधत बसायचं. मी आधी ‘ॲट’ला (ठरल्या वेळी एकदा काम चालवणारी कमांड) सांगून ठेवतो, ५ मिनिटांनी फायरवॉल बंद कर. मग ती चालू करतो, पहिलं टर्मिनल तसंच ठेवून दुसऱ्यातून नवं लॉगिन करून बघतो. जमलं की ते काम रद्द. ‘एवढं कशाला?’ म्हणणाऱ्याला मी प्रॉडक्शनला हात लावू देत नाही.

डॉकरला हुकूम द्यायचा पोर्ट २३७५ नेटवर उघडणं म्हणजे रूटच, सर्व्हरचा पूर्ण ताबाच, देऊन टाकणं; रिमोटचं काम एसएसएचवरून करा. जेनकिन्सचा (बिल्ड आणि डिप्लॉय आपोआप करणारं साधन) ८०८० व्हीपीएनच्या आत ठेवा. २२ चा २२२२ केला म्हणजे सुरक्षा झाली नाही, लॉगमधला कचरा तेवढा कमी होतो. पासवर्डने लॉगिन बंद करून एसएसएच की (किल्ली-फाइल) वापरा. आणि ‘आता सगळं एचटीटीपीएस’ म्हणून ८० बंद करायच्या आधी लेट्स एन्क्रिप्टचं (मोफत सर्टिफिकेट देणारी संस्था) सर्टिफिकेट कुठल्या चॅलेंजने (डोमेन आपलंच आहे हे पटवायची पद्धत) नवं होतं ते बघा. एचटीटीपी-०१ असेल तर त्याला ८० च लागतो.