बॅकअप मेल सर्व्हर आणि नसलेले पत्ते : नव्या सिस्टिम अ‍ॅडमिनसाठी

मिहान किंवा बुटीबोरीतल्या एखाद्या कंपनीत सिस्टिम अ‍ॅडमिन म्हणून लागलात, की बॅकअप मेल सर्व्हर (मुख्य सर्व्हर बंद असताना मेल घेऊन ठेवणारा) कधी ना कधी तुमच्या गळ्यात पडतो. त्यावर पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर असेल तर आधी रांगेतले मेल दाखवणारी ‘मेलक्यू’ ही कमांड चालवा. ‘मेलर-डीमन’च्या, म्हणजे परतीचे मेल पाठवणाऱ्या यंत्रणेच्या नावाने ओळीच ओळी दिसल्या आणि सगळ्या अनोळखी पत्त्यांकडे निघाल्या असतील, तर आपल्याकडे कोण आहे आणि कोण नाही हे त्या सर्व्हरला माहीतच नाही.

डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायचा ते डीएनएसमधली एमएक्स नोंद सांगते, आणि लहान आकड्याला आधी मान असतो. मुख्य सर्व्हरचा एमएक्स आकडा 10 आणि बॅकअपचा 20 असेल, तर मेल आधी 10 कडे जायला हवा. स्पॅमवाले मात्र मुद्दाम 20 कडे येतात, कारण तिथली तपासणी सहसा ढिली असते. बॅकअप ‘आरसीपीटी टू’ला, म्हणजे ‘हा मेल या पत्त्याला’ या ओळीला, सरसकट 250 (मान्य) म्हणतो आणि मेल ठेवून घेतो. पुढे मुख्य सर्व्हर 550 5.1.1 (असा पत्ता नाही) म्हणून नाकारतो. पण 250 म्हटलं तिथेच जबाबदारी बॅकअपवर आलेली असते, म्हणून तो पाठवणाऱ्याला बाउन्स, म्हणजे ‘मेल पोचला नाही’ असा परतीचा मेल पाठवतो. पाठवणाऱ्याचा पत्ता बनावट, त्यामुळे तो बाउन्स भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये पडतो. हेच बॅकस्कॅटर. यातून तुमचा आयपी ब्लॅकलिस्टमध्ये जाऊ शकतो आणि मग खरे मेलही अडतात.

नकार दारातच द्यायला हवा. पोस्टफिक्सच्या ‘रिले_रेसिपियंट_मॅप्स’ या सेटिंगला पत्त्यांची फाइल जोडा, प्रत्येक ओळीत एक पत्ता आणि ‘ओके’, मग ती फाइल पोस्टफिक्सला वाचता येईल अशी करणारी ‘पोस्टमॅप’ कमांड चालवा. हे सेटिंग रिकामं असेल तर पोस्टफिक्स त्या डोमेनचा कुठलाही पत्ता चालवून घेतो. पत्ते दुसरीकडे वळवणाऱ्या ‘व्हर्च्युअल_अलियास_मॅप्स’मध्ये अख्ख्या डोमेनची एकच ओळ असेल, तरी ही तपासणी वाया जाते.

यादीत अकाउंट्स, एचआरसारखे ग्रुपचे पत्ते हमखास सुटतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस ‘अननोन_रिले_रेसिपियंट_रिजेक्ट_कोड’ 450, म्हणजे तात्पुरता नकार, ठेवा. सुटलेल्या पत्त्याचा मेल पाठवणाऱ्याच्या रांगेत थांबतो, आणि लॉगमध्ये ‘युझर अननोन इन रिले रेसिपियंट टेबल’ शोधून पत्ता भरता येतो. मग 550, म्हणजे कायमचा नकार, करा. यादी क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) येत असेल तर फाइल बदलण्याआधी ओळी मोजून घ्या. रिकामी फाइल आली तर सगळेच मेल नाकारले जातील.

यादी मिळतच नसेल तर ‘रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपियंट’ वापरा, पण परक्या डोमेनचा मेल नाकारणाऱ्या ‘रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन’च्या नंतरच. बॅकअप मग मुख्य सर्व्हरला विचारून उत्तर लक्षात ठेवतो. मुख्य सर्व्हर बंद असताना, आधी न तपासलेल्या पत्त्याला 450 मिळतो.

जुनी रांग साफ करताना रांगेतले मेल काढणाऱ्या ‘पोस्टसुपर’ कमांडला ‘ऑल’ देऊ नका, थांबलेले खरे मेलही जातील. फक्त मेलर-डीमनचे काढा.

आणि लहान ऑफिसला बॅकअप लागतो का, हे साहेबांना जरूर विचारा. मे महिन्यात चार तास लाइन गेली तरी मेल हरवत नाही. नीट चालवलेला पाठवणारा सर्व्हर 4-5 दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पत्ते न ओळखणाऱ्या बॅकअपपेक्षा त्याची एमएक्स नोंद काढून टाकलेली बरी.