गणपतीतल्या कार्यकर्त्यांना कमी खर्चात थँक यू कसं म्हणायचं (माणशी ७५ रुपयांच्या आत)

विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲप ग्रुपवर "सर्वांचे मनःपूर्वक आभार" असा एक मेसेज पडतो, त्याखाली चाळीस जणांचे हात जोडलेले, आणि विषय संपला. मोठ्या मंडळांचं सोडा, त्यांच्याकडे स्पॉन्सर असतात. हे लिहितोय ते सोसायटीच्या आणि गल्लीतल्या छोट्या मंडळांसाठी, जिथे तीस-चाळीस माणसं दहा दिवस राबतात आणि वर्गणीतून सगळं भागवल्यावर हातात चार-पाच हजार उरले तरी खजिनदार खूश असतो. तेवढ्यात नीट होतं, फक्त तयारी गणपती बसलेला असतानाच सुरू करावी लागते.

आधी काय द्यायचं नाही ते ठरवा

शाल नको. भाद्रपदातल्या दमट हवेत शाल कोणी वापरत नाही, ती कपाटात जाते आणि पुढच्या सत्काराला दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर बसते, काही शाली तर अशा फिरतात की मूळ मालक कोण हे कुणालाच सांगता येणार नाही. श्रीफळ चालेल, त्याची निदान चटणी तरी होते. ॲक्रिलिकची ट्रॉफी नको, साधी घेतली तरी अडीचशे-तीनशेला जाते आणि दुसऱ्या वर्षी धूळ पुसायचं काम वाढवते. फोटो छापलेले कॉफीचे मग, भिंतीवरची घड्याळं, मंडळाचा भलामोठा लोगो असलेल्या डायऱ्या हे पण नको. लोगो मोठा असला की ती भेट राहत नाही, जाहिरात होते. आणि पहिल्या दिवशी वाटलेला टी-शर्ट भेटीत धरू नका, तो युनिफॉर्म होता.

गणपती असतानाच करायची दोन कामं

पहिलं, यादी. कमिटीची यादी नव्हे, काम करणाऱ्यांची. एक वही मंडपात ठेवा किंवा मोबाइलमध्ये नोट्स उघडा आणि रोज रात्री आरतीनंतर पाच मिनिटं बसून लिहा की आज कोणी काय केलं. प्रसादाची खिरापत कोणी आणली, निर्माल्य वेगळं कोणी काढलं, रात्री मंडपात झोपायला कोण थांबलं, लहान मुलांच्या नाटकाची तालीम कोणी घेतली, पावसात ताडपत्री कोणी ओढली. विसर्जनानंतर आठवून यादी करायला गेलात की तीच सात-आठ नावं येतात जी माइकवर असतात, आणि स्वयंपाकघरातल्या, पार्किंगमधल्या, स्टेजमागच्या लोकांचा पत्ता नसतो. ही वहीच पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडते, का ते खाली येईल.

दुसरं, फोटो. गणपतीचे हजार फोटो असतात आणि पाहुण्यांचे पाचशे, पण काम करणाऱ्याचा काम करतानाचा फोटो बहुतेक वेळा नसतोच, कारण तो कॅमेऱ्याच्या मागे किंवा शिडीवर असतो. सोसायटीतल्या एखाद्या नववी-दहावीच्या पोराला किंवा पोरीला हेच काम द्या, रोज चार माणसांचे काम करतानाचे फोटो काढायचे, पोझ नको. दहा दिवसांत चाळीस होतात.

पैसे किती, कुठून

चाळीस माणसं गुणिले ७५ म्हणजे ३,००० रुपये. हे पैसे उरले तर बघू असं म्हणू नका, डेकोरेशनचं बजेट पास करतानाच बाजूला काढा आणि मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगा, नाहीतर नंतर कुणीतरी "वर्गणीच्या पैशातून स्वतःलाच गिफ्ट घेतली" म्हणतंच. वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतली असेल (कलम ४१ क वाली) तर नंतर हिशोब सादर करावा लागतो, तेव्हा या खरेदीची पण बिलं ठेवा, शिंप्याला दिलेल्या पैशाचं व्हाउचर करा. आणि सगळ्यांना एकच वस्तू. अध्यक्षांना मोठी, बाकीच्यांना छोटी असं केलंत तर न दिलेलं बरं.

कधी द्यायचं

इथे एक अडचण आहे. अनंत चतुर्दशीनंतर लगेच पितृपंधरवडा लागतो आणि बऱ्याच घरांत त्यात नवीन वस्तू घेत नाहीत. श्रमपरिहार त्याआधी किंवा त्यात उरकतो, तो जेवणापुरता ठेवा, मिसळ-पाव असो की पुलाव. (आणि प्लीज, दहा दिवस ज्या काकूंनी प्रसाद केला त्यांनाच श्रमपरिहाराला वाढायला उभं करू नका. त्या दिवशी बाहेरून मागवा नाहीतर पुरुषमंडळींनी वाढावं.) भेटी मात्र कोजागिरीला द्या. विसर्जनानंतर साधारण महिन्याने येते, मसाला दुधाला गच्चीवर सगळे जमतातच, वेगळा कार्यक्रम करायला नको, हॉल नको, आणि तुम्हाला तयारीला महिना मिळतो. शिवाय पितृपक्षात बाजार थंड असतो, तेव्हा घाऊक खरेदी करायची असेल तर दुकानदार बोलायला मोकळा असतो आणि भाव पण जरा खाली येतो.

काय द्यायचं: मंडपाच्या कापडाची पिशवी

माझी पहिली पसंती हीच. सजावटीला आणलेलं कापड विसर्जनानंतर गोणीत भरून टेरेसच्या खोलीत जातं आणि तिथे उंदीर खातात. त्याच्या पिशव्या शिवा. फक्त आधी खात्री करा की कापड मंडळाने विकत घेतलंय, मंडपवाल्याचं भाड्याचं कापड कापलंत तर भलताच खर्च बसेल.

कापडातल्या टाचण्या, स्टेपलरच्या पिना काढा, चमकी झटका, एकदा धुवून घ्या. सजावटीचं कापड बहुतेक साटीन असतं, ते दिसायला छान पण कडा सुटतात आणि वजन पेलत नाही, म्हणून आतून मांजरपाटाचं (जाडंभरडं सुती कापड) अस्तर लावायचं, बंद म्हणजे धरायचे पट्टे पण मांजरपाटाचेच, आणि कडांना इंटरलॉक मारून घ्यायचं. १४ बाय १६ इंचाची पिशवी भाजीला बरोबर पडते. ३६ इंच पन्ह्याच्या एक मीटर कापडात अशा दोन बसतात, म्हणजे चाळीस पिशव्यांना वीस मीटर बाहेरचं आणि तेवढंच अस्तर, बंदांचं कापड वेगळं धरा. बंद पिशवीच्या तोंडाशी चौकोन करून त्यात फुलीची शिलाई मारायला सांगा, नुसती सरळ शिलाई मारली की तिथेच उसवतं. पहिली पिशवी शिवून झाली की त्यात पाच किलो गहू घालून जिना चढून बघा आणि मगच बाकीच्या शिवायला द्या.

शिलाई जवळच्या महिला बचत गटाला द्या किंवा गल्लीतल्या शिंप्याला. दर गावागणिक बदलतो, पण एवढ्या साध्या पिशवीला वीस-पंचवीसच्या आसपास बोलणी होतात. इथे घासाघीस करू नका आणि "देवाचं काम आहे, सेवा म्हणून करा" असं तर अजिबात म्हणू नका. अस्तराचं कापड घाऊक घ्या, पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत मंगलदास मार्केटला. सगळं धरून पिशवी पन्नासच्या आत-बाहेर बसते.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, म्हणजे पिशवी घरोघर लागतेच, आणि दोन वर्षांनी भाजीवाल्याकडे कुणाच्या हातात ती दिसली की "हे आपल्या त्या वर्षीच्या मखरामागचं निळं कापड ना" असं बोलणं होतं ते वेगळंच.

पिशवीत काय घालायचं

उटण्याची पुडी. कोजागिरीनंतर पंधरवड्यातच दिवाळी, आणि उटणं लागत नाही असं घर नाही. निवडणुका जवळ असल्या की इच्छुक मंडळी स्वतःच्या फोटोसकट वाटतातच, तुम्ही फोटोशिवाय वाटा. तयार आणायचं असेल तर बचत गटाकडून आणा. घरी करायचं असेल तर काष्ठौषधीच्या दुकानातून मुलतानी माती, वाळा, नागरमोथा, गव्हला-कचोरा, आंबेहळद, गुलाबपाकळीची पावडर सुटी आणून चाळून मिसळायची. आंबेहळद बेताने, नाहीतर नरकचतुर्दशीला अख्खी सोसायटी पिवळी. पन्नास ग्रॅमच्या कागदी पुड्या बांधायला मुलांना बसवा.

उटणं नको असेल तर चकलीची भाजणी, मेतकूट किंवा गोडा मसाला, जे त्या भागात चांगलं मिळतं ते. कोकणात, गोव्यात असाल तर कोकमं. सोलापूरकडचं कुणी ओळखीचं असेल तर तिकडून टर्किशचे नॅपकिन घाऊक मागवता येतात, तेही पिशवीइतकेच वापरले जातात. रोपं द्यायची असतील तर विकत कशाला, गवती चहाचे ठोंब सोडवा, पुदिना आणि ओव्याच्या फांद्या विसर्जनाच्या आठवड्यात लावा, महिन्यात द्यायला तयार. निर्माल्याचं खत पण छान भेट आहे पण ते कोजागिरीपर्यंत होत नाही, दोन-तीन महिने लागतात, म्हणून ते संक्रांतीला तिळगुळाबरोबर द्या. पुस्तकं द्यायची हौस असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं सरकारी ग्रंथागारात खूप स्वस्त मिळतात, पण चाळीस जणांना चाळीस वेगळी निवडायला वेळ हवा, सरसकट एकच पुस्तक वाटलं की ते न वाचलेलंच राहतं.

ढोल पथकातली पोरं असतील तर त्यांना बोटांना गुंडाळायच्या चिकटपट्टीचा रोल द्या, हसतील पण वापरतील.

फोटो आणि पोस्टकार्ड, हे मात्र सोडू नका

ज्यात खरा जीव आहे तो भाग दहा-पंधरा रुपयांचा आहे. ते काम करतानाचे फोटो चार बाय सहाच्या साइजमध्ये लॅबमधून प्रिंट करून घ्या आणि प्रत्येकाच्या पिशवीत त्याचा स्वतःचा टाका. मोबाइलवर पाठवलेला फोटो तिसऱ्या दिवशी खाली जातो, हातात दिलेला फ्रिजवर लागतो.

आणि पोस्टकार्ड. ५० पैशाला मिळतं, अजून मिळतं. कोजागिरीच्या आठवडाभर आधी प्रत्येकाच्या घरच्या पत्त्यावर हाताने लिहून टाका, शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहत असला तरी पोस्टानेच. पोस्टकार्ड उघडं असतं, त्यामुळे ते घरातले सगळे वाचतात, आई वाचते, सासूबाई वाचतात, ज्यांनी दहा दिवस "एवढं काय त्या मंडपात असतं" म्हणून ऐकवलेलं असतं त्या सगळ्यांनी वाचावं हाच तर हेतू.

लिहायचं काय, तर इथे ती वही काढा. "आपल्या बहुमोल सहकार्याबद्दल मंडळ आपले ऋणी आहे" हे छापील वाक्य लिहिणार असाल तर पन्नास पैसे वाचवा. त्याऐवजी असं काहीतरी:

"पाचव्या दिवशी रात्री पाऊस आला तेव्हा तू ताडपत्री ओढलीस म्हणून साउंडचं सामान वाचलं."

"काकू, तुमच्या वाटल्या डाळीसाठी सी विंगवाले रोज आरतीला वेळेवर यायला लागले, हे आम्हाला कुणालाच जमलं नव्हतं."

दोन ओळी पुरे. एका माणसाने सगळी लिहू नका, अक्षरापासून मजकुरापर्यंत कंटाळा दिसायला लागतो, चार जणांत दहा-दहा वाटून घ्या आणि ज्याने ज्याच्याबरोबर काम केलं त्याने त्याला लिहा.

कॉलेजच्या मुलांचं वेगळं

त्यांना पिशवीपेक्षा पत्र जास्त कामाचं. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) वर्षाला १२० तासांचं काम भरावं लागतं, दोन वर्षांचं २४०. मंडळात केलेलं काम त्यात धरतात का ते मुलांना कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे आधीच विचारायला सांगा, धरत असतील तर लेटरहेडवर तारखा, तास आणि नेमकं काय काम केलं (निर्माल्य संकलन, गर्दीचं नियोजन वगैरे) असं लिहून सही-शिक्क्याने द्या. धरत नसतील तरी बायोडेटाला लावता येतं. तास खरे लिहा, उगाच फुगवू नका.

वॉचमन, सफाईवाले, निर्माल्याची गाडी

हे स्वयंसेवक नाहीत, त्यांना पगार आहे, पण त्या दहा दिवसांत त्यांचं काम दुप्पट होतं. त्यांना पिशवी आणि उटणं नको, पाकीट द्या, १०१ किंवा २०१ जे झेपेल ते, आणि कोजागिरीपर्यंत थांबू नका, विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी द्या. हे पैसे त्या ३,००० मध्ये धरू नका, वेगळे काढा.

देताना

भाषण नको, पाहुणा नको. पाहुणा आला की कार्यक्रम त्याचा होतो. दूध आटत असताना वही हातात घ्या आणि नावं हुद्द्याने नाही, कामाने पुकारा, "ताडपत्रीवाला", "खिरापतवाल्या", लोक हसतात, टाळ्या आपोआप येतात. देणाऱ्याने पण अध्यक्षच हवेत असं नाही, नाटकातल्या पोरांना द्यायला लावा.

चार-पाच पिशव्या जादा शिवून ठेवा. कितीही नीट यादी केली तरी दूध प्यायला लागल्यावर कुणीतरी "आमचं नाव राहिलं वाटतं" म्हणतं. त्याने खरंच काम केलं होतं का ते वहीत शोधत बसू नका, पिशवी द्या, पोस्टकार्ड उद्या टाकतो म्हणा, आणि पुढच्या वर्षी वर्गणीच्या पहिल्याच फेरीला त्याला बरोबर घ्या.