बाथरूममधले क्षाराचे पांढरे डाग: या चुका टाळा

बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं ना, मग नळाच्या बुडाशी पांढरी खपली, शॉवरची अर्धी भोकं बंद आणि काचेवर थेंबांचे ठसे हे ठरलेलंच. लोक आधी ब्रश घेऊन तुटून पडतात, तारेची घासणी, चाकू, अगदी पॉलिश पेपर सुद्धा. अहो तो मळ नाहीये, पाण्यातलं कॅल्शियम सुकून झालेला दगड आहे तो, घासून नळाचं क्रोम जातं आणि खपली तिथेच राहते, वर खरबरीत झालेल्या जागेवर पुढचा थर अजून घट्ट बसतो.

त्याला लागतं सौम्य आम्ल आणि वेळ. किराणा दुकानात लिंबूसत मिळतं, ते लिटरभर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे विरघळवा, टिश्यू पेपर त्यात बुडवून नळाला गुंडाळा आणि वीस मिनिटं विसरून जा. खपलीला बारीक फेस येतो, मग जुन्या टूथब्रशने सहज सुटते. थर जाड असेल तर दुसऱ्या दिवशी परत करा पण रात्रभर गुंडाळून ठेवू नका, क्रोमवर डाग पडतात. शॉवर काढता येत नसेल तर त्याच पाण्याची पिशवी रबरबँडने शॉवरला बांधायची. नळाच्या तोंडाची जाळी फिरवून काढा आणि वाटीत टाका, बऱ्याचदा 'प्रेशर कमी झालं' म्हणून प्लंबर बोलावतात तेव्हा दोष त्या जाळीचाच असतो!

फेस आलाच नाही तर? मग बहुतेक तो साबणाचा चिकट थर आहे, त्याला गरम पाणी आणि भांड्याचा लिक्विड साबण आधी, आम्ल नंतर. आणि काच खूप जुनी असेल, वर्षानुवर्षं डाग तसेच राहिले असतील तर काचच खराब झालेली असू शकते, ती कशानेही पहिल्यासारखी होत नाही.

व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून फसफस करायचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. दिसायला भारी, पण सोडा आम्लाला मारतो आणि खाली उरतं जवळपास खारट पाणी. वेगवेगळे वापरा, एकत्र नको.

आता सगळ्यात वाईट चूक, बाटलीतलं बाथरूम अ‍ॅसिड किंवा टॉयलेट क्लीनर नळाला आणि फरशीला लावणं. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, कमोडच्या चिनीमातीला चालतं पण क्रोम काळं पडतं, टाइल्सच्या फटीतलं सिमेंट खाल्लं जातं आणि मग तिथूनच खालच्या मजल्याला लिकेज. शहाबादी, कडप्पा, कोटा, मार्बल हे सगळे स्वतःच चुन्याच्या जातीचे दगड, म्हणजे डाग विरघळवणारं आम्ल दगडही विरघळवणार, त्यांच्यावर लिंबूसत सुद्धा नाही. आणि अ‍ॅसिडच्या वर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच तर चुकूनही नाही, क्लोरीन वायू सुटतो, बंद बाथरूममध्ये जीवावर बेततं.

गिझर पाणी कडकडीत व्हावं म्हणून फुल्ल ठेवतात, तोही हिशोब उलटाच. पाणी जितकं तापेल तितके क्षार जास्त बसतात, म्हणून थर्मोस्टॅट 60 अंशांच्या पुढे नेऊ नका. आतून खडखड आवाज यायला लागला की समजा कॉइलवर थर चढलाय, मेन बंद करून मेकॅनिककडून साफ करून घ्या, तेव्हा आतला अ‍ॅनोड रॉडही (टाकीला गंज लागू नये म्हणून बसवलेली सळई) बघायला सांगा.

टाकीत तुरटी फिरवून पाणी मऊ होत नाही, तिने फक्त गाळ खाली बसतो. सॉफ्टनर, म्हणजे पाण्याचा जडपणा काढणारं मशीन, घ्यायचा विचार असेल तर विक्रेता टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) मोजायचा मीटर बुडवून आकडा दाखवेल, त्यावर जाऊ नका. सॉफ्टनर कॅल्शियमच्या जागी मिठातलं सोडियम सोडतो, टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. लॅबमधून 'टोटल हार्डनेस', म्हणजे पाण्याचा एकूण जडपणा, तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, 200 मिलिग्रॅम प्रति लिटर ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत. आकडा 200 च्या आसपास असेल तर मशीनचे पैसे वाचवा, शंभर-दीडशेचा वायपर आणा आणि आंघोळ झाली की काच न् नळ कोरडे करा, थेंब सुकलाच नाही तर डाग कशाचा पडणार. पाचशे-सहाशे असेल तर मात्र सॉफ्टनर घ्याच, आणि त्यात मीठ कोण भरणार हे घरात आधीच ठरवा, मीठ संपलं की ती नुसती टाकी.