दातांच्या शस्त्रक्रियेनंतर काय आणि कसे खावे

अक्कलदाढ काढल्यावर, हिरडीची शस्त्रक्रिया झाल्यावर किंवा इम्प्लांट (कृत्रिम दाताला आधार देणारा, जबड्याच्या हाडात रोवलेला स्क्रू) बसवल्यावर रुग्णाला अनेक सूचना दिल्या जातात, पण घरी पोहोचेपर्यंत त्यांपैकी ‘काही दिवस मऊ खा’ एवढीच लक्षात राहते. ही सूचना बरोबर असली तरी अपुरी आहे. दुधात बुडवलेले बिस्किट मऊ असते, मात्र त्याचा चुरा जखमेत जाऊन बसतो. वाफाळते सूप तर चावावेही लागत नाही, तरी पहिल्या दिवशी त्याने रक्तस्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून पदार्थ किती मऊ आहे, याबरोबरच तो जखमेशी कसा वागेल हेही पाहावे लागते.

दात निघाल्यावर जबड्याच्या हाडात जी खाच उरते, तिच्यात रक्त साकळून गुठळी तयार होते. ही गुठळी उघड्या हाडाचे आणि तिथल्या मज्जातंतूंच्या टोकांचे झाकण असते आणि तिच्याच आधाराने नवी ऊती भरत जाते. ती वेळेआधी निसटली किंवा विरघळली, तर हाड उघडे पडते आणि दात काढल्यानंतर साधारण दोन-चार दिवसांनी कानापर्यंत जाणारी तीव्र ठणक सुरू होते; यालाच ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. खाण्यापिण्याची पुढची बहुतेक पथ्ये या गुठळीला आणि टाक्यांना जपण्यासाठीच आहेत. पदार्थ गरम नसावा, तो ओढून प्यावा लागू नये, त्यातून बारीक कण सुटू नयेत आणि तो जखमेला झोंबू नये, या चार कसोट्या ध्यानात ठेवल्या तर यादी पाठ करण्याची गरज उरत नाही.

तयारी शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशीच करावी. भूल उतरत असताना, गाल सुजलेला असताना स्वयंपाकघरात उभे राहून भाज्या वाटण्याची ताकद कोणातच नसते. दोन-तीन प्रकारची सूप आणि कुस्करलेल्या भाज्या लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवल्या, तर प्रत्येक वेळी एकच डबा काढून कोमट करता येतो.

पहिले काही तास जपण्याचे असतात. जखमेवर ठेवलेला कापसाचा किंवा गॉझचा बोळा दंतवैद्यांनी सांगितलेल्या वेळेपर्यंत, म्हणजे साधारण अर्धा ते पाऊण तास, दाबून धरावा आणि त्या काळात काही खाऊ नये. बधिरपणा जायला त्यानंतरही काही तास लागतात. तोवर ओठ, जीभ किंवा गालाची आतली बाजू दाताखाली आली तरी कळत नाही आणि पदार्थ किती गरम आहे याचाही अंदाज येत नाही. लहान मुलांच्या बाबतीत तर याकडे मोठ्यांनी सतत लक्ष ठेवले पाहिजे. संवेदना परतल्यावर थंड पाणी पेल्याने घोट घोट प्यावे. स्ट्रॉ मुळीच वापरू नये, कारण ओढताना तोंडात जी पोकळी निर्माण होते ती गुठळीला जागेवरून खेचू शकते. याच कारणाने जोराने थुंकू नये. तोंडातले पाणी बेसिनवर वाकून आपोआप ओघळू द्यावे.

पहिल्या दिवशीचे जेवण थंड किंवा कोमट आणि चमच्याने खाण्याजोगे असावे. घट्ट दही, थंड दूध, तुकडे नसलेले साधे आइसक्रीम, गाळलेले कोमट सूप आणि पूर्ण कुस्करलेले पिकलेले केळे एवढ्यावर हा दिवस निभावतो. उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात आणि थांबलेले रक्त पुन्हा वाहू लागते, म्हणून सूपचा थेंब मनगटावर टाकून पाहावा. तिथे ऊब जाणवली नाही तर ते पिण्यास योग्य आहे.

दुसरा आणि तिसरा दिवस अनेकांना पहिल्यापेक्षा जड जातो. सूज साधारण 48 ते 72 तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते, जबडा आखडतो आणि तोंड पुरते उघडत नाही. अशा वेळी लहान, उथळ चमचा हवा. बटाटा किंवा भोपळा उकडून, दूध आणि थोडे लोणी घालून गुठळ्या राहणार नाहीत असा घोटावा. ओट्स नेहमीपेक्षा जास्त दुधात, अगदी पळीवाढे होईपर्यंत शिजवावेत. अंडी मंद आचेवर हलवत ओलसर ठेवावीत, कारण कोरडे झालेले अंडे रबरासारखे चिवट होते. भात मऊ असला तरी त्याची सुटी शिते जखमेत अडकतात, तेव्हा तो भरपूर पाण्यात शिजवून घोटूनच घ्यावा. डाळ शिजवून, घोटून गाळली की तिची साले मागे राहतात. मासा वाफवून, काटे बोटांनी नीट चाचपून काढून, सूपमध्ये कुस्करता येतो.

या दिवसांत सर्वांत जास्त होणारी चूक मला चुकीचे खाण्यापेक्षा कमी खाण्याची वाटते. रस, चहा आणि पातळ सूप यांवर तीन दिवस काढले तर पोट भरल्यासारखे वाटते, पण जखम भरण्यासाठी लागणारी प्रथिने मिळत नाहीत आणि थकवा वाढतो. निरोगी प्रौढाला एरवीही वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे 60 किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे 48 ग्रॅम. दोन अंड्यांतून 12 ग्रॅम, 400 मिलिलिटर दुधातून 13 ग्रॅम, 200 ग्रॅम साध्या दह्यातून 7 ग्रॅम आणि 175 ग्रॅम शिजवलेल्या डाळीतून सुमारे 16 ग्रॅम मिळाले, की एकही घास न चावता हा हिशेब पुरा होतो. अंडी न खाणाऱ्यांनी मऊ टोफू किंवा ताजे पनीर दुधात वाटून घ्यावे. मोठे ताट समोर आले की तोंड दुखते म्हणून मन मागे हटते. त्यापेक्षा दर दोन-अडीच तासांनी अर्धी वाटी खाणे सोपे जाते.

फळांची निवड मात्र विचारपूर्वक करावी. स्ट्रॉबेरी, किवी, रासबेरी यांच्या बारीक बिया खाचेत जाऊन बसतात आणि मिक्सरमध्येही पुरत्या बारीक होत नाहीत. संत्रे, लिंबू, अननस आणि टोमॅटो यांच्या आंबटपणाने जखम झोंबते. सोलून शिजवलेल्या सफरचंदाचा किंवा नासपतीचा गर, पिकलेला आंबा, पपई आणि अव्होकाडो हे त्याहून सुरक्षित आहेत. गरातील तंतू पोटालाही उपयोगी पडतात, कारण कमी खाणे आणि काही वेदनाशामक औषधे यांमुळे बद्धकोष्ठता होऊ शकते. मसालेदार, कुरकुरीत आणि फेसाळणारे पदार्थ पहिला आठवडा टाळावेत. मद्य आणि धूम्रपानही वर्ज्य समजावे; धूर ओढताना स्ट्रॉसारखाच खेच बसतो, शिवाय त्यामुळे जखमेकडे होणारा रक्तपुरवठा घटतो.

खाण्याचा संबंध औषधांशीही असतो. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी घेऊ नयेत, तेव्हा गोळीच्या आधी दही किंवा ओट्स पोटात गेलेले असावेत. डॉक्सिसायक्लीनसारखी टेट्रासायक्लीन गटातील प्रतिजैविके दुधाबरोबर घेतल्यास नीट शोषली जात नाहीत. दूध हाच आहाराचा आधार असेल, तर गोळी आणि दूध यांत किती अंतर ठेवायचे हे विचारून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी जेवण घटल्यावर मात्रा तीच ठेवावी का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारणे अत्यंत आवश्यक आहे, कारण कमी खाऊन नेहमीची मात्रा घेतल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

पहिले 24 तास चूळ भरू नये. त्यानंतर प्रत्येक खाण्यानंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून ते तोंडात हळूच इकडून तिकडे फिरवावे आणि ओघळू द्यावे. अडकलेला कण काडीने, बोटाने किंवा जिभेने उकरण्याचा मोह होतो, तो आवरावा.

चौथ्या दिवसापासून दुखणे कमी होत असेल, तर जास्त शिजवलेला पास्ता, सूपमध्ये भिजवलेला कडा काढलेला पाव, मऊ उकडलेल्या भाज्या असे पदार्थ विरुद्ध बाजूने चावून पाहावेत. एखाद्या पदार्थाने ठणक लागली तर दोन दिवस मागे जाऊन पुन्हा कुस्करलेल्या अन्नावर यावे. दुखणे थांबले म्हणजे खाच भरली असे नव्हे; हिरडी वरून मिटायलाही काही आठवडे लागतात. म्हणून पॉपकॉर्न, कडक दाणे आणि वेफर्स सर्वांत शेवटी सुरू करावेत. पॉपकॉर्नचे पातळ टरफल हिरडीखाली शिरले तर सहजी निघत नाही. तिसऱ्या दिवसानंतर वेदना कमी होण्याऐवजी वाढली, ताप आला, किंवा अर्धा तास बोळा दाबूनही रक्त थांबले नाही, तर दंतवैद्यांशी लगेच संपर्क साधावा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट रुग्णालय गाठावे.

इम्प्लांटचे वेळापत्रक वेगळे असते. स्क्रूभोवती हाड घट्ट धरण्यास सामान्यतः तीन ते सहा महिने लागतात, आणि हिरडी वरून पूर्ण बरी दिसत असली तरी त्या काळात दंतवैद्यांनी परवानगी दिल्याशिवाय त्या जागेवर कडक पदार्थ चावू नयेत. सफरचंदासारखी फळे खायचीच असतील तर ती पातळ फोडी करून दुसऱ्या बाजूने खावीत.