हिवाळ्यात मनालीला गाडी घेऊन जाताय? बर्फ कधी येणार आणि रस्ता कधी गोठणार हे असं ओळखा

ख्रिसमसच्या सुट्टीत मनालीला जाणारे बरेच जण मोबाईलवर बर्फाचं चिन्ह दिसतंय का एवढंच बघतात आणि नसलं की बिनधास्त मनालीच्या वरच्या सोलंगच्या पुढे गाडी काढतात. पण बर्फ पडतो त्या दिवसापेक्षा तो पडून गेल्यावरची लख्ख उन्हाची सकाळ जास्त घातक असते, म्हणून अंदाज दोन बघायचे, एक बर्फाचा आणि दुसरा रस्त्याचा.

आधी बर्फाचं बघू. हिवाळ्यात हिमाचलात बर्फ येतो तो मुख्यतः वेस्टर्न डिस्टर्बन्समुळे, म्हणजे भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान करत पूर्वेकडे सरकणारी ढग-पावसाची सिस्टीम. हवामान खात्याच्या रोजच्या बुलेटिनमध्ये ती कुठल्या रेखांशावर आहे ते लिहिलेलं असतं. मनाली साधारण 77 अंश पूर्वेला आहे, त्यामुळे सिस्टीम 55-60 च्या आसपास असेल तर अजून हातात वेळ आहे, 70 च्या आसपास आली की बॅगा भरून खाली कुल्लूकडे यायचं की वरच राहायचं ते ठरवून टाका. त्याच बुलेटिनमध्ये अरबी समुद्रावरून बाष्प येतंय असंही लिहिलेलं असेल तर जोरदार बर्फाची तयारी ठेवा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सोलंगच्या वर जायचंच नाही, हॉटेलवाला किंवा टॅक्सीवाला काहीही म्हणो. आणि आकाशात आधी पातळ पांढरे ढग पसरले, रात्रीची थंडी अचानक कमी वाटायला लागली तर खुश होऊ नका, ढगांच्या पांघरुणामुळे तसं होतं, बर्‍याचदा पाठोपाठ बर्फ येतो.

आता सगळ्यात कामाची गोष्ट, फ्रीझिंग लेव्हल. म्हणजे किती उंचीवर तापमान शून्य होतंय, विंडीसारख्या अॅपवर हा आकडा सरळ मिळतो. मनाली सुमारे 2050 मीटरवर, सोलंग अडीच हजाराच्या आसपास आणि अटल टनेलचं दक्षिणेकडचं तोंड 3060 मीटरवर. फ्रीझिंग लेव्हल 2900 असेल तर मनालीत नुसता पाऊस, सोलंगला पाऊस-बर्फाची खिचडी आणि टनेलपाशी पक्का बर्फ! बर्फ वितळायला थोडं अंतर लागतं, त्यामुळे त्या लेव्हलच्या दोनतीनशे मीटर खालीसुद्धा तो पोचतो. अॅपमध्ये मिलिमीटर दिसत असतील तर ढोबळमानाने 1 मिलिमीटरला 1 सेंटीमीटर बर्फ धरा. 20 दिसले म्हणजे साधी हॅचबॅक अडकलीच समजा.

डिसेंबर 2024 मध्ये सोलंग ते अटल टनेल या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. तो रस्ता चढाचा आहे, त्यावरच्या धुंदी या ठिकाणाच्या बाजूला हिमस्खलनाचाही धोका असतो आणि एक गाडी आडवी झाली की मागे सगळी रांग.

आता रस्ता. सिस्टीम निघून गेली की आकाश मोकळं होतं, रात्री जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते आणि दिवसा वितळलेलं पाणी पुन्हा गोठतं, हाच ब्लॅक आइस. तो दिसत नाही, रस्ता फक्त ओला वाटतो. ओळखायचा कसा, तर पुढच्या गाडीच्या चाकांतून पाणी उडत नसेल, टायरचा आवाज एकदम बंद झाला असेल आणि स्टेअरिंग हलकं लागत असेल, तर तुम्ही बर्फावर आहात. गाडीतला आकडा हवेच्या तापमानाचा असतो, रस्ता त्याहून थंड असू शकतो, म्हणून 3-4 अंश दिसले की सावध व्हा. पूल, नाल्यांजवळची वळणं आणि देवदारांच्या सावलीतले तुकडे आधी गोठतात आणि दुपारपर्यंत तसेच राहतात. शक्यतो सकाळी दहाच्या आधी निघू नका आणि ऊन जायच्या आत परत या.

आपल्याकडे पावसात घाट चालवायची सवय असते ना, ती इथे पुरत नाही. ब्रेक जोरात मारायचा नाही, पहिला-दुसरा गियर ठेवून इंजिनावर उतरायचं, पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचं. फोर बाय फोर चढायला मदत करते, थांबायला नाही, हे लोक विसरतात. चेन ज्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्यांना लावायच्या, फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या. रात्री गाडी सपाट जागी गियरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा, हँडब्रेक गोठू शकतो. काचेवर उकळतं पाणी ओतू नका, तडकते.

आणि अडकलातच तर हे नीट वाचा. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानात मरी या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, त्यात थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइडचाही संशय होता. सायलेन्सर बर्फाखाली गेला की धुराबरोबर हा वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. हीटर लावायच्या आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढा, इंजिन थोडा वेळच चालवा, वारा ज्या बाजूने येतोय त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवा, सगळ्यांनी एकदम झोपू नका आणि 112 ला फोन करून तुम्ही नेमके कुठे आहात ते सांगा.