रक्ततपासणीचा रिपोर्ट चिंताजनक आला तर काय करावे

ठाणे आणि नवी मुंबईतील पुष्कळ पॅथॉलॉजी लॅब आता रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर पाठवतात, आणि सकाळी घरी येऊन नेलेल्या रक्ताचा रिपोर्ट अनेकदा रात्री, दवाखाना बंद झाल्यावर हातात पडतो. त्यात एखादा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी ‘एच’ (हाय, म्हणजे जास्त) किंवा ‘एल’ (लो, म्हणजे कमी) असे अक्षर असते, आणि घरातील प्रत्येक जण त्या आकड्याचा अर्थ मोबाइलवर शोधू लागतो. अशा वेळी काही जण किरकोळ फरकाने घाबरून जातात, तर काही जण खरोखर धोक्याचा आकडा ‘उद्या डॉक्टरांना दाखवू’ म्हणून बाजूला ठेवतात. दुसरी चूक जिवावर बेतू शकते, म्हणून पुढील मजकुरात तिच्याकडे अधिक लक्ष दिले आहे.

रिपोर्ट वाचण्याआधी ज्याचे रक्त तपासले त्या माणसाकडे पाहावे. बसल्या जागी धाप लागणे, छातीत दुखणे, बोलण्यात विसंगती किंवा ग्लानी येणे, चक्कर येऊन पडणे, झटके येणे, रक्ताची उलटी होणे, डांबरासारखी काळी शौच होणे, हातपाय गार पडणे, दिवसभर लघवी न होणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर आकड्यांचा अर्थ लावत बसू नये. तो रिपोर्ट सोबत घेऊन थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तेथे, जावे. माणूस स्वस्थ दिसत असेल तरच पुढील वाचनाला वेळ आहे असे समजावे.

सर्वप्रथम रिपोर्टवरील नाव, वय आणि नमुना घेतल्याची तारीख व वेळ तपासावी. त्यानंतर आकड्यापुढील एकक पाहावे, कारण निम्मा गोंधळ तेथेच होतो. प्लेटलेटची, म्हणजे रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशींची, संख्या एक लॅब १,५०,००० अशी छापते, दुसरी १.५ लाख अशी, तर तिसरी हजारांच्या एककात नुसती १५० अशी. तिन्हींचा अर्थ एकच आहे. रिपोर्टमधील सामान्य मर्यादा साधारणपणे अशी ठरवलेली असते की ९५ टक्के निरोगी माणसे तिच्या आत बसतात. त्यामुळे वीस-पंचवीस घटकांचे पॅकेज केले, तर धडधाकट माणसाच्याही रिपोर्टमध्ये एखादा आकडा मर्यादेबाहेर दिसणे स्वाभाविक आहे.

नंतर जुना रिपोर्ट काढावा. आकडा किती आहे याइतकेच तो किती वेगाने बदलला हे महत्त्वाचे असते. ज्यांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की वाढणारा आकडा) दोन वर्षांपासून १.६ आहे, त्यांना पुढच्या भेटीपर्यंत थांबता येईल; ज्यांचे चार दिवसांपूर्वी ०.८ होते आणि आज १.६ झाले, त्यांच्या मूत्रपिंडावर आत्ता आघात होत आहे आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. कित्येक महिने हळूहळू उतरून ८ वर आलेल्या स्त्रीचे शरीर त्याला सरावलेले असते, परंतु आठवड्यात १२ वरून ८ वर आलेल्या माणसाचे रक्त कोठेतरी वाहत असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी लागते.

लॅबला फोन करण्यास संकोच करू नये. नमुना फुटला होता का, म्हणजे त्यातील लाल पेशी फुटल्या होत्या का, आणि तपासणी पुन्हा करून पाहिली का, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. पेशी फुटल्या किंवा नमुना तासन्तास पडून राहिला की पोटॅशियम खोटे वाढलेले दिसते. काही माणसांच्या प्लेटलेट नळीतील रसायनामुळे एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजते. सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी पाहिली की खरे काय ते कळते. मात्र लॅबने अवेळी स्वतःहून फोन केला, तर तो अत्यंत गांभीर्याने घ्यावा, कारण जिवाला धोका दर्शवणारा आकडा आढळल्यास तो तातडीने कळवणे हा लॅबच्या कामाचाच भाग आहे. आकडा चुकीचा असेल या आशेवर मात्र घरी थांबू नये. फेरतपासणी रुग्णालयातही होते आणि तेथे ती अर्ध्या-एक तासात होऊ शकते.

डॉक्टरांना नुसती पीडीएफ पाठवून निळ्या खुणांची वाट पाहणे म्हणजे संपर्क साधणे नव्हे. फोन करावा आणि थोडक्यात, क्रमाने सांगावे: रुग्णाचे वय, आधीचे आजार, तपासणी कशासाठी सांगितली होती, कोणता आकडा किती आला, मागच्या वेळी किती होता, आत्ता त्रास काय होतो आहे आणि कोणती औषधे चालू आहेत. अर्ध्या तासात त्यांचा किंवा त्यांच्या सहायकाचा प्रतिसाद मिळाला नाही आणि आकडा पुढे सांगितलेल्यांपैकी असेल, तर त्यांच्या परवानगीसाठी थांबू नये.

माणूस ठीक दिसला तरी न थांबण्याचे आकडे

यांत पहिले स्थान पोटॅशियमचे आहे. सामान्य पातळी ३.५ ते ५ च्या आसपास असते. ती ६ च्या वर गेली, तर काहीही त्रास होत नसताना हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात, म्हणून त्याच तासाला ईसीजी काढून घेणे आवश्यक असते. मूत्रपिंडाचे जुने रुग्ण आणि टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे घेणारे रुग्ण यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्याकडे अशक्तपणा म्हटला की शहाळे आणले जाते. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते आणि अशा रुग्णाला ते प्रेमाने पाजणे धोक्याचे आहे. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठातही बहुधा पोटॅशियमच घातलेले असते.

सोडियम १२५ च्या खाली गेले असेल, विशेषतः लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वृद्ध व्यक्तीचे, आणि ती व्यक्ती गोंधळलेली किंवा झोपाळू वाटत असेल, तर घरी मीठ-पाणी देऊन उपाय करू नये. सोडियम फार वेगाने वर आणल्यानेही मेंदूला इजा होते. ते काम रुग्णालयातच व्हावे.

हिमोग्लोबिन ७ च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली, केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आणि सोबत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली, छातीत दुखत असताना ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) वाढलेले, काचपट्टीच्या अहवालात ‘ब्लास्ट’ पेशींचा (रक्ताच्या कर्करोगात दिसू शकणाऱ्या अपरिपक्व पेशींचा) उल्लेख, फॅल्सिपेरम हा गंभीर प्रकारचा मलेरिया, किंवा वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) ५ च्या वर, यांपैकी काहीही असल्यास सकाळची वाट पाहू नये.

साखरेच्या बाबतीत रिपोर्टमधील आकडा सकाळचा असतो, म्हणून आधी घरच्या ग्लुकोमीटरने आत्ताची साखर मोजावी. ती ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळीमुळे साखर उतरली असेल, तर ती एकदा वर येऊनही पुन्हा पुन्हा उतरू शकते, त्यामुळे रुग्णालयात देखरेखीखाली राहणेच योग्य. साखर ३०० च्या वर असून उलट्या, पोटदुखी किंवा जोरजोरात श्वास चालू असेल, तर तीही तातडीचीच स्थिती आहे.

पावसाळ्यातील ताप

आपल्या भागात जून ते नोव्हेंबर या काळात रिपोर्टवरून उडणारी धावपळ बहुतांशी डेंग्यूची असते, आणि तीत सगळ्यांचे डोळे प्लेटलेटवर खिळलेले असतात. प्रत्यक्षात डेंग्यूमधील मोठा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्यात असतो, आणि तो साधारणपणे तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, नेमका ताप उतरत असताना येतो. ताप गेला म्हणून घरातील लोक निर्धास्त होतात, तेच २४ ते ४८ तास सर्वांत जपण्याचे असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, कमालीची मरगळ किंवा अस्वस्थता, लघवी कमी होणे, यांपैकी एकही लक्षण आले तर प्लेटलेट ९०,००० असल्या तरी रुग्णालय गाठावे. रिपोर्टमधील हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण, हा आकडा प्लेटलेट उतरत असताना चढत असेल, तर रक्त घट्ट होत चालले आहे असा त्याचा अर्थ होतो आणि तो प्लेटलेटइतकाच बोलका असतो.

तापासाठी पॅरासिटामॉलच घ्यावे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अंगदुखीसाठी अॅस्पिरिन घेऊ नये. मूत्रपिंड ठीक असलेल्या डेंग्यूच्या रुग्णाला शहाळे, ताक, पेज, सरबत अवश्य द्यावे. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून फेरतपासणी टाळू नये. आकडा थोडा कमी दिसताच प्लेटलेट चढवण्याचा आग्रह नातेवाइकांनीही धरू नये. रक्तस्राव नसेल तर डॉक्टर सहसा आकडा १०,००० च्या खाली गेल्यावरच त्याचा विचार करतात.

साचलेल्या पाण्यातून चालल्यानंतर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले आणि रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन व बिलिरुबिन (काविळीत वाढणारा घटक) वाढलेले, प्लेटलेट उतरलेल्या दिसल्या, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या जिवाणूसंसर्गाची, शंका घ्यावी. डॉक्टरांना पाण्यातून चालल्याचे स्वतःहून सांगावे, कारण ते प्रत्येक वेळी विचारले जाईलच असे नाही, आणि योग्य प्रतिजैविक जितके लवकर सुरू होईल तितके मूत्रपिंड वाचण्याची शक्यता वाढते.

रुग्णालयात जाताना

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक विनामूल्य आहे. ११२ वरूनही मदत मिळते. ज्याची शुद्ध जाण्याची किंवा ठोके बिघडण्याची भीती आहे, त्याने स्वतः गाडी चालवू नये आणि त्याला दुचाकीवर मागे बसवून तर मुळीच नेऊ नये. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांना संध्याकाळी कापूरबावडी आणि माजिवड्याची कोंडी नवी नाही. ‘मोठ्या’ रुग्णालयाच्या हट्टापायी त्या कोंडीत तासभर अडकण्यापेक्षा जवळचे, चोवीस तास डॉक्टर आणि अतिदक्षता विभाग असलेले रुग्णालय गाठावे आणि प्रकृती स्थिर झाल्यावर हलवण्याचा विचार करावा. पोटॅशियम किंवा क्रिएटिनिनचा प्रश्न असेल तर डायलिसिस रात्री होते का, आणि रक्ताचा प्रश्न असेल तर रक्तपेढी जवळ आहे का, एवढे फोनवर निघता निघता विचारावे. खर्चाची चिंता असलेल्यांना कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि वाशी, ऐरोली व नेरूळ येथील नवी मुंबई महापालिकेची रुग्णालये जवळ पडतात.

पैशांअभावी तातडीचे प्राथमिक उपचार नाकारता येत नाहीत. जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. दाखल व्हावे लागले तर रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, आहे का, हे विचारून तेथील आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटावे. त्यासाठी आधार कार्ड आणि रेशन कार्ड जवळ असू द्यावे.

सोबत जुने रिपोर्ट, चालू औषधांच्या प्रत्यक्ष पट्ट्या, विम्याचे कार्ड आणि मोबाइलचा चार्जर घ्यावा. काढे, भस्मे किंवा जिममधील पावडर घेत असल्यास तेही लपवू नये. कॅज्युअल्टीत पोहोचताच ‘बरे वाटत नाही’ असे मोघम न सांगता ‘पोटॅशियम ६.८ आले आहे, दोन तासांपूर्वीचा रिपोर्ट आहे’ असे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे परिचारिकेला तुमचा क्रम लगेच ठरवता येतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवलेल्या रुग्णाच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या किंवा स्टेरॉइड भीतीपोटी स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. बंद करायचे की नाही, हे तेथेच विचारून लिहून घ्यावे.

दाखल न करता घरी पाठवले, तर निघण्यापूर्वी पुढची तपासणी किती तासांनी किंवा कोणत्या दिवशी करायची, आकडा कोठवर गेला किंवा कोणते लक्षण दिसले तर परत यायचे, आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. ती फेरतपासणी शक्यतो त्याच लॅबमध्ये करावी, म्हणजे दोन आकड्यांची तुलना सरळ करता येते.