मृगाआधी लॉकिंग हब उघडायचे असतील तर

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीच्या किंवा हेम्माडग्याच्या रस्त्याला फोर बाय फोर पिकअप चालवणाऱ्याने पुढचे लॉकिंग हब, म्हणजे पुढचे चाक त्याच्या शाफ्टला जोडणारे किंवा त्यापासून सोडवणारे भाग, उघडून पाहण्याचे काम रोहिणी नक्षत्रातच उरकावे. मृगाचा पाऊस एकदा धरला की अंगणात गाडी घोडीवर (उचललेली गाडी पेलणाऱ्या लोखंडी स्टँडवर) चढवून ठेवता येत नाही. आणि हब उघडण्यापूर्वी पुढच्या दोन्ही चाकांची नवी पॅकिंग (दोन भागांच्या सांध्यातून पाणी आत येऊ न देणारे पातळ थर) व ओ-रिंग (रबरी कडी) हातात असावीत, हे सर्वांत आधी लिहितो, कारण गेल्या खेपेस बाकी सगळे आणले होते आणि तेवढेच राहिले होते.

पाने बाहेर काढण्याआधी बिघाड हबचाच आहे ना, हे पाहावे. दोन्ही हब फ्रीवर (सुटलेल्या स्थितीत) ठेवून गाडी फोर-हायमध्ये (चारही चाकांच्या गिअरमध्ये) घालावी, हळू पुढे न्यावी आणि दुसऱ्या कोणाला तरी सुरक्षित अंतरावरून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (पुढच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) पाहायला सांगावे. तो फिरत असेल तर ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) आपले काम करते आहे आणि शोध चाकांकडे वळवायला हरकत नाही. तो फिरतच नसेल तर हब उघडून काही उपयोग नाही, दोष गिअरच्या दांड्यात किंवा ट्रान्स्फर केसमध्ये आहे. त्यानंतर गाडी टू-हायमध्ये (फक्त मागच्या चाकांच्या गिअरमध्ये) घेऊन, इंजिन बंद करून, पुढची दोन्ही चाके उचलावीत. हब फ्रीवर असताना चाक हाताने फिरवले तर अॅक्सलचा शाफ्ट जागेवर राहिला पाहिजे आणि लॉकवर असताना तो चाकाबरोबर फिरला पाहिजे. शाफ्ट बाहेरून दिसत नसेल तर दोन्ही हब लॉक करून एक चाक मदतनिसाने घट्ट धरावे आणि दुसरे आपण फिरवावे. दोन्ही हब नीट धरत असतील तरच पुढचा प्रॉपेलर शाफ्ट फिरतो.

एका बाजूचा हब धरत नसेल तर दुसऱ्या बाजूच्या चांगल्या हबचाही उपयोग राहत नाही. साध्या डिफरन्शियलमधून (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांतून) येणारी ताकद मोकळ्या बाजूच्या शाफ्टला नुसते फिरवण्यात जाते आणि लॉक असलेले चाक चिखलात निमूट उभे राहते. त्यामुळे एकच हब बिघडला आहे असे वाटले तरी तयारी दोघांची करावी, म्हणजेच पॅकिंगही दोघांची आणावीत.

पॅकिंगबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. बहुतेक हाताने फिरवायच्या हबमध्ये प्रत्येक चाकाला दोन पॅकिंग असतात: एक बाहेरचे झाकण आणि हबचे शरीर यांच्यामध्ये, दुसरे हबचे शरीर आणि ज्यावर चाक बसते तो मूळ हब यांच्यामध्ये. दुकानात घाईने सांगितले की झाकणाचे तेवढे मिळते आणि आतले राहून जाते. दोन चाकांची मिळून चार, असा आकडा चिठ्ठीवर लिहूनच बेळगावला जावे. जुन्या पिकअपचे हब मधल्या काळात कोणीतरी बदललेले असण्याची शक्यता बरीच असते, म्हणून गाडीचे नाव सांगून पॅकिंग घेऊ नये. कोऱ्या कागदावर झाकण टेकवता येत नसेल तर निदान बोल्ट किती आहेत ते मोजावे, समोरासमोरच्या दोन बोल्टमधले अंतर मापून घ्यावे आणि हबवर कोरलेले नाव किंवा क्रमांक लिहून न्यावा. तालुक्याच्या गावात मिळेल, असे गृहीत धरून हब उघडायला बसू नये. खरोखरच मिळाले नाही तर त्याच जाडीचा पॅकिंग कागद आणून कापता येतो. जाडी मात्र जुळलीच पाहिजे, कारण झाकण किती आत बसते यावर आतली सरकणारी कडी (चाक आणि शाफ्ट जोडणारी, दात असलेली) किती धरते हे अवलंबून असते. जुने पॅकिंग सिलिकॉन फासून पुन्हा बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये. जास्तीचे सिलिकॉन आतल्या बाजूला पिळले जाते, वाळते आणि त्या कडीच्या वाटेत अडकते. फाटक्या पॅकिंगमधून खानापूरकडच्या ओढ्यांचे तांबडे पाणी आत शिरते, ग्रीस दुधाळ होते, स्प्रिंगला गंज धरतो आणि डायल (हब लॉक किंवा फ्री करायची बाहेरची चकती) फिरेनासा होतो. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीचा त्रास वेगळा आहे: ती डायलच्या खाचेत भरून वाळते, पण तो त्रास बाहेरून ब्रशने निघतो. आत गेलेले पाणी बाहेरून निघत नाही.

बाकीच्या सामानात जॅक, दोन घोड्या, मागच्या चाकांना लावायचे दगड, बोल्टच्या मापाचे पाने किंवा अॅलन की, चिंध्या, धुण्यासाठी डिझेल आणि एक उथळ परात एवढे पुरते. मुरुमाच्या अंगणात घोडीखाली जाड फळी घालावी. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाखाली हात घालू नये. सर्कलिपचा (शाफ्टच्या खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगसारख्या कडीचा) चिमटा चांगला असावा आणि डोळ्यांना चष्मा असावा, कारण सर्कलिप सुटली की कुठे उडेल याचा नेम नसतो. अॅक्सलच्या टोकाला आतून आटे असतील तर त्यात योग्य मापाचा बोल्ट पेरून शाफ्ट बाहेर ओढावा, म्हणजे सर्कलिपची खाच मोकळी होते. तो बोल्टही आधीच शोधून ठेवावा. काही हबच्या नटांखाली शंकूच्या आकाराचे वॉशर असतात. ते ओढून निघत नाहीत. पितळी दांडा टेकवून शेजारी ठोकल्यावर सुटतात. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे कोणता भाग कसा बसला होता हे पाहायला दुसरी बाजू शाबूत राहते.

डायल अडकला असेल तर त्याला पक्कड लावू नये. गाडी जमिनीवर असताना हात-दोन हात मागे-पुढे ढकलली की आतल्या दातांवरचा ताण सुटतो आणि बहुधा डायल हातानेच फिरतो. तरीही फिरला नाही तर उघडावा, पण त्याआधी चारही पॅकिंग समोर आहेत का, हे पुन्हा मोजावे.

धुतल्यावर दातांच्या कडा पाहाव्यात. त्या गोल झालेल्या असतील तर ओढीखाली हब कटकट आवाज करत सुटत राहील आणि नुसत्या धुण्याने ते थांबणार नाही. व्हील बेअरिंगमध्ये ग्रीस दाबून भरायचे असते, हबच्या आत मात्र बोटाने पुसल्यासारखा पातळ थरच द्यायचा असतो, हा फरक चांगल्या मिस्त्रींकडूनही कधी कधी सुटतो. हबमध्ये ग्रीस कोंबले की कडी सरकायची बंद होते. चाक वर-खाली धरून हलवले असता खडखडत असेल तर बेअरिंगचा प्रश्न आधी सोडवावा.

आपोआप लॉक होणाऱ्या हबची तयारी थोडी निराळी आहे. व्हॅक्युमवर चालणाऱ्या प्रकारात आधी रबरी नळ्या पाहाव्यात. उभ्या गाडीत उंदीर त्या कुरतडतात. यांत्रिक प्रकारात गाडी टू-हायमध्ये घेऊन सरळ रेषेत थोडी मागे नेल्याशिवाय हब सुटत नाहीत, त्यामुळे आधी तेवढे करून पाहावे. बिघाड नसलेले हब उगाच उघडले जातात.

परत बसवताना पृष्ठभागांवरून जुन्या पॅकिंगचा प्रत्येक तुकडा खरवडून काढावा, नवे पॅकिंग कोरडेच ठेवावे, ओ-रिंगला किंचित ग्रीस लावावे. झाकण बसवताना डायल फ्रीवर असावा, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळावेत आणि जोर करू नये. झाकण अॅल्युमिनियमचे असते. आतले पॅकिंग बसवले का? ते बसवल्याशिवाय झाकणाकडे वळू नये.

मग उचललेल्या चाकांवर आधीचीच तपासणी पुन्हा करावी आणि गाडी मातीत चालवून पाहावी. दोन्ही हब लॉक करून फोर-हायमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर वळणे घेऊ नयेत. पहिल्या मोठ्या खेपेनंतर बोल्ट पुन्हा पाहावेत, आणि पावसाळ्यानंतरही महिन्यातून एकदा हब लॉक करून गाडी थोडी चालवावी, म्हणजे आतले ग्रीस सगळीकडे पोहोचते.